इशाऱ्याआधी बुडणारी घरं : कृष्णाकाठचा २०१९ चा महापूर आणि ब्रह्मनाळ

८ ऑगस्ट २०१९, गुरुवार. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये सकाळी माणसं बाहेर काढायचं काम चालू होतं. गावाला पाण्याचा वेढा पडून दिवस झाले होते. बचाव पथकांच्या बोटी जिल्हाभर विखुरलेल्या होत्या, म्हणून गावातलीच बोट वापरात होती. सुमारे तीस माणसं बसलेली ती बोट उलटली आणि १७ जण गेले. त्यात बायका आणि लहान मुलं जास्त होती.

बोटीत माणसं जास्त झाली होती, हे त्या दिवशीच सगळ्यांना कळलं. पण दुर्घटनेची चर्चा तिथेच थांबली तर खरा प्रश्न बाजूला राहतो. एवढ्या माणसांवर आठ तारखेला बोटीतून बाहेर पडायची वेळ का आली? तीच माणसं दोन-तीन दिवस आधी ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून, जनावरं हाकत, कोरड्या रस्त्याने जाऊ शकली असती. ती का गेली नाहीत, याची उत्तरं नदीत, गावाच्या रस्त्यात, गोठ्यात आणि थोडी सरकारी मोजपट्टीतही आहेत.

पाणी कुठून आलं, का थांबलं

जुलैच्या अखेरीपासून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, म्हणजे महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर, राधानगरी या पट्ट्यात, पाऊस तुटलाच नाही. १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) कोयना धरण, ३४ टीएमसीचं वारणा आणि साडेआठ टीएमसीच्याही आतलं राधानगरी, तिन्ही भरत आली. धरण भरल्यावर वरून येईल तेवढं पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तर पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की आपोआप उघडतात.

एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, विसर्ग चोवीस तास चालू राहिला, तर ८.६४ टीएमसी पाणी खाली उतरतं. राधानगरीसारखं एक अख्खं धरण दिवसभरात ओतल्यासारखंच ते. यात धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटाचं पाणी आलंच नाही, आणि २०१९ मध्ये ते पाणीही प्रचंड होतं.

कृष्णेला कराडला कोयना मिळते, ब्रह्मनाळजवळ येरळा, सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. सांगलीपासून खाली नदीला उतार फार कमी आहे आणि वळणं पुष्कळ. कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी वाडीला पुढे सरकत नाही, ते मागे शिरोळ, इचलकरंजी, कोल्हापूरकडे चढत जातं. हरिपूरला वारणा भरून आली की सांगली तुंबते. येरळा तर दुष्काळी भागातून येणारी नदी. तिच्या वरच्या अंगाला पाऊस नसला तरी कृष्णेचं पाणी तिच्या पात्रात उलटं शिरतं. म्हणून संगमाकाठच्या गावाला पाणी समोरूनही येतं आणि पाठीमागूनही. पुढचं पाणी दिसत असतं, म्हणून माणूस त्याच्यावर लक्ष ठेवून बसतो. वाट मात्र मागच्या पाण्याने तुटते.

खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद याही वेळी पेटला. शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात अलमट्टीला या पुराचं कारण धरलेलं नाही. थोड्या दिवसांत झालेला विक्रमी पाऊस आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं, यांवर बोट ठेवलं आहे. वाद चालू राहील. मात्र अलमट्टीतून पाच लाख क्युसेक सोडले की चार लाख, याने ब्रह्मनाळच्या बाईने म्हैस कधी सोडायची हे ठरत नाही.

चाळीस फुटांचा इशारा, तीस फुटांवरची घरं

सांगलीत पाणी मोजतात ते आयर्विन पुलावर. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फूट आणि धोका ४३. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं आणि राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर.

आता सांगली शहरातला सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, काकानगर, दत्तनगर हा भाग बघा. साधारण तीस फुटांच्या पुढे यातल्या सखल घरांच्या दारात पाणी यायला लागतं. म्हणजे ‘इशारा’ जाहीर होईपर्यंत इथली काही घरं बुडून गेलेली असतात. सायरन, मोबाइलवरचे संदेश, टीव्हीवरची पट्टी हे सगळं चाळीस आणि पंचेचाळीस या आकड्यांभोवती फिरतं. हे आकडे शहराच्या मधल्या उंचीला बेतलेले आहेत. नदीकाठच्या स्वस्त प्लॉटवर घर बांधलेल्या हमालाला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला, भाड्याच्या खोलीतल्या बांधकाम मजुराला त्यांचा उपयोग नाही. कोल्हापुरात सुतारवाड्याचं तसंच आहे. जयंती नाल्यातून पाणी उलटं चढतं, आणि तिथल्या कुटुंबांचं बिऱ्हाड दर मोठ्या पुराला चित्रदुर्ग मठात जातं. तिथे निदान कुठे जायचं हे ठरलेलं आहे, म्हणून हलणं लवकर होतं. हा धडा लहान वाटला तरी फार कामाचा आहे.

खेडेगावात जुन्या वस्तीची उतरंड सगळ्यांना ठाऊक असते. गावठाणाचा उंचवटा जुन्या घरांकडे, आणि ओढ्याकडची, मळीकडची उतरती बाजू दलित वस्त्यांकडे, मागाहून आलेल्यांकडे, भटक्यांच्या पालांकडे. पुराचं पाणी जात विचारत नाही म्हणतात. पण ते उंची विचारतं, आणि उंची जातीने वाटलेली आहे.

माणसं का थांबली

पहिलं कारण २००५. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. ‘पाच सालाला पाणी मारुतीच्या पायरीपर्यंत होतं, आपल्या उंबऱ्याला शिवलं नाही’ हे वाक्य कृष्णाकाठच्या प्रत्येक गावात ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात बोललं गेलं. बोलणाऱ्यांची आठवण चुकीची नव्हती. पाणीच या वेळी जवळपास पावणेचार फूट जास्त आलं. पावणेचार फूट म्हणजे खाटेवर ठेवलेलं धान्यही बुडालं.

दुसरं कारण जनावरं, आणि आमच्या मते हेच सगळ्यांत मोठं. ज्या घराला रान नाही, त्या घराला एक-दोन म्हशी आणि चार शेळ्या असतात. आठवड्याचा बाजार दुधावर चालतो. मुलीचं बाळंतपण किंवा दवाखाना निघाला की शेळी विकली जाते. त्या घराची ही बँकच म्हणायची. बचावाला येणारी बोट माणसं घेते, म्हैस घेत नाही. म्हणून घरातला एक कर्ता माणूस गोठ्यापाशी राहतो, तो राहिला म्हणून बायको राहते, ती राहिली म्हणून सासू आणि पोरं राहतात. शेवटी गोठ्यात पाणी शिरलं की दावी कापून जनावरं मोकळी सोडतात, कुणी जिन्याने स्लॅबवर चढवतात. तोवर रस्ता गेलेला असतो.

तिसरं कारण वेळ. पाणी तासाला तीन इंच चढत असेल तर दोन फुटांना आठ तास लागतात. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. पण ते आठ तास रात्री दहा ते सकाळी सहा असले तर काय? उंबऱ्याशी काठी रोवून माणूस झोपतो आणि जागा होतो तेव्हा काठी दिसत नाही.

बोटीचं गणित

बोटीविषयी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पुढच्या पुरातही गावोगाव हीच चूक होऊ शकते. उदाहरणादाखल सहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद बोट घ्या. निमुळतेपणा वजा केला तर तिचा पाण्याला टेकलेला भाग साधारण साडेसहा चौरस मीटर भरतो. एवढ्या भागाची बोट एक सेंटिमीटर बुडायला ६५ किलो वजन लागतं. थोडक्यात, चढणारं प्रत्येक मोठं माणूस तिला सेंटिमीटरभर खाली नेतं. तीस माणसं चढली की फूटभर. बोटीचा काठ पाण्यापासून निदान वीतभर वर राहिला पाहिजे. त्याहून खाली गेला की एका लाटेला पाणी आत येतं, आत आलेलं पाणी एका बाजूला धावतं आणि माणसं घाबरून दुसऱ्या बाजूला. बोट वजनाने क्वचितच बुडते. बहुतेक वेळा ती या धावपळीने कलंडते. उभं राहिलेल्या माणसांमुळे वजनाचा मध्य आणखी वर जातो.

म्हणून चढताना इंजिन बंद. माणसं एकेक करून, मधोमध पाय टाकत, तळाला बसणार. लाइफ जॅकेट आत बसल्यावर नव्हे, चढण्याआधी काठावर बांधायचं. जॅकेट नसेल तर बूच लावलेले रिकामे पाच लिटरचे दोन कॅन छातीशी बांधले तरी माणूस तरंगतो. बचाव पथकांच्या हवेच्या रबरी बोटीत चालकांसह साधारण दहा माणसं घेतात. ‘आणखी चार बसतील’ हे काठावरून कुणीही म्हणालं तरी ऐकायचं नाही, आणि नाही म्हणायचं काम चालकावर न सोडता काठावरच्या एका ठरलेल्या माणसाकडे द्यायचं.

मार्गही महत्त्वाचा. बुडालेल्या उसावरून बोट नेली की पाचट आणि पानं पंख्यात गुंडाळतात, इंजिन गचकन बंद पडतं आणि बोट प्रवाहाला आडवी होते. बांधावरच्या तारा, पेरूच्या-बाभळीच्या फांद्या, विहिरीचे कठडे पाण्याखाली दिसत नाहीत. बोट बुडालेल्या रस्त्यावरूनच न्यायची. विजेचे खांब आणि झाडांची रांग बघून रस्ता कळतो. दहा-बारा फूट पाणी असलं की विजेच्या तारा डोक्याच्या उंचीला येतात, म्हणून महावितरणकडून त्या भागाचा पुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय बोट सोडायची नाही. सोबत दोन वल्ही, धारदार विळा, तीस मीटर दोर.

छावणीत काय कमी पडलं

सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत मिळून चार लाखांच्या वर माणसं हलवली गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस ट्रकच्या रांगा लागल्या, त्यामुळे मदत पोचायलाही वेळ लागला. कोल्हापूरची उपसा केंद्रं बुडाली आणि पुरात वेढलेल्या शहराला प्यायचं पाणी टँकरने द्यावं लागलं. महाराष्ट्रभरातून आलेल्या मदतीत बिस्किटं, जुने कपडे आणि चादरी ढिगाने होत्या. वैरण मात्र थोडी होती.

पाचशे मोठ्या जनावरांची छावणी धरा. जनावराला जगवायला म्हणून रोज किमान १५ किलो हिरवी वैरण धरली तरी दिवसाला साडेसात टन होते, आणि चाळीस लिटरप्रमाणे पाणी वीस हजार लिटर. मुरघास किंवा उसाचे वाढे आधी ठरवून ठेवले नसतील तर पाणी चढल्यावर एवढं कुठून आणणार? भोवतालची सगळी रानं तर पाण्याखाली. वैरण नाही हे कळलं की माणसं जनावरं आणत नाहीत, आणि जनावरं आणली नाहीत की माणसंही येत नाहीत. म्हणून आधी वैरणीचा करार, मग मंडप. घटसर्प आणि फऱ्याच्या लशी मे-जूनमध्येच टोचून घ्यायच्या. छावणीत टोचून त्यांचा परिणाम दिसायला दिवस जातात.

माणसांच्या छावणीत संडासाला उजेड आणि आतून कडी हवी. ती नसेल तर बायका दिवसभर पाणी कमी पितात आणि रात्री अंधारात बाहेर जातात. सॅनिटरी पॅडच्या गठ्ठ्यांबरोबर आतले कपडे आणि झाकणाची बादली दिली तरच त्या गठ्ठ्यांचा उपयोग. डायलिसिसचे रुग्ण, नववा महिना भरलेल्या बायका, इन्सुलिन घेणारे यांची यादी आशाताईंकडे असते. ही माणसं पहिल्या ट्रॉलीत गेली पाहिजेत.

पाणी ओसरल्यावर विहिरी. चार मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे ६३ हजार लिटर पाणी असतं. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर या हिशेबाने ३१५ ग्रॅम लागते. पुराचं पाणी शिरलेली विहीर मात्र आधी उपसून, गाळ काढून, मग दुप्पट मात्रेने शुद्ध करावी आणि ओटी टेस्टने क्लोरिन तपासूनच वापरात आणावी. पावडर जुनी, ओलसर झालेली असेल तर मात्रा बरोबर घालूनही क्लोरिन येत नाही. गोदामातल्या पोत्यावरची तारीख आधी बघा. चिखल काढणारे सफाई कामगार आणि मजूर अनवाणी उतरतात, त्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका सगळ्यांत जास्त. गमबूट हवेतच. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमची मात्रा देतात, ती गरोदर बायकांना आणि लहान मुलांना द्यायची नाही.

पंचनाम्यात कोण बसत नाही

सानुग्रह अनुदान ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार होतं. पाच हजार रोख, उरलेले खात्यावर. धान्याच्या मदतीला घर दोन दिवस पाण्यात असण्याची अट सुरुवातीला होती आणि तिच्यावर संताप उसळला. तो रास्तच होता. मातीच्या भिंतीला दोन दिवस लागत नाहीत, एका रात्रीत ती बसते.

पण अटींपेक्षा कागद जास्त अडवतो. सातबारा ज्याच्या नावावर, पिकाची भरपाई त्याला. अर्धेलीने रान केलेल्याने बियाणं-खत घातलेलं असतं, त्याचं नाव कुठेच नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा नसलेलं घर अतिक्रमण ठरतं. भाडेकरूची भांडी-कपडे वाहून गेले तरी पंचनामा मालकाच्या नावाने निघतो. दोन भावांच्या चुली वेगळ्या, रेशनकार्ड एकच, मग कुटुंब एकच. त्या वेळच्या निकषाप्रमाणे दुभत्या म्हशीला ३० हजार आणि शेळीला ३ हजार होते, पण जनावर वाहून गेलं तर मेल्याचा दाखला कशावर द्यायचा? इथे कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि दूध संस्थेच्या पुस्तकातल्या नोंदी उपयोगी पडतात. बिल्ला दिसेल असा जनावरासोबतचा एक फोटो मोबाइलवर काढून गावाबाहेरच्या पाहुण्याला पाठवून ठेवावा. मोबाइल बुडतो, पाठवलेला फोटो बुडत नाही.

आणि मजुरी? तिचा तर पंचनामाच नाही. सोयाबीन, भुईमूग कुजले की भांगलण नाही, काढणी नाही. उसाचा शेंडा चार-पाच दिवस पाण्याखाली राहिला की पोंग्यात गाळ बसून ऊस मरतो, मग तोडणीचा हंगामही बारीक होतो. गणपती त्या वर्षी २ सप्टेंबरला होते. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात रंगायला आलेल्या मूर्ती पाण्यात विरघळल्या. वर्षाची कमाई गेली, आणि ती कुठल्या रकान्यात लिहायची याला रकाना नव्हता.

प्रत्येक घराचा आकडा

यावर एक काम असं आहे की गाव ते स्वतः करू शकतं, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. २०१९ च्या पाण्याची रेघ अजून पुष्कळ भिंतींवर आहे. ती उंबऱ्यापासून मोजा. समजा रेघ उंबऱ्याच्या सहा फूट वर आहे आणि त्या वेळी आयर्विनचा कमाल आकडा साडेसत्तावन्न होता. मग या घराच्या उंबऱ्याला पाणी साधारण साडेएक्कावन्न फुटांना लागतं. ज्या घरावर रेघ उरली नाही तिथे शेजारच्या भिंतीवरून गवंड्याच्या लेव्हल पाइपने ती नेता येते. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक रेघेशी आणि दुसरं नव्या भिंतीशी. वस्तीपुरतं पाणी सपाट असतं, त्यामुळे हे माप चांगलं जुळतं.

आयर्विन पूल गावापासून दूर असल्याने आणि लहान पुरात पाण्याचा उतार वेगळा असल्याने फूट-दीड फुटाची चूक होऊ शकते. म्हणून २०२१ च्या पुराच्या खुणेवरून तोच हिशेब पुन्हा करावा. दोन्ही आकड्यांतला जो कमी, तो धरावा.

इथे सगळे एक चूक करतात. घराचा आकडा काढतात आणि रस्त्याचा विसरतात. गावातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावरचा सगळ्यांत खोल ठिकाणचा फरशी पूल किंवा ओढा घराच्या कितीतरी आधी बुडतो. त्याचा आकडा ४४ असेल तर ५१ फुटांच्या उंबऱ्यालाही ४४ च्या आतच निघायचं आहे. ब्रह्मनाळसारख्या संगमाकाठच्या गावांना बोटीची वेळ येते ती या सात फुटांत. रस्त्याच्या आकड्याच्या दोन फूट आधी माणसं आणि पाच फूट आधी जनावरं. तासाला तीन इंच धरले तर पाच फुटांना वीस तास मिळतात आणि त्यात एक दिवसाचा उजेड नक्की येतो.

२०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी २०१९ च्याही वर गेलं, तेव्हा बऱ्याच गावांनी जनावरं आधी हलवली होती. जिथे ती हलली तिथे माणसंही वेळेत हलली.

कायमच्या पुनर्वसनाचं उदाहरण चिखली-आंबेवाडीचं. १९८९ च्या पुरानंतर या गावांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या, तरी २०१९ मध्ये चिखलीतून माणसं बोटीने काढावी लागली. रान खाली, गोठा खाली, आणि वर फक्त प्लॉट. नवं गावठाण देताना गोठ्याची जागा, वैरणीचा सोपा आणि जनावरांच्या पाण्याचा हौद आराखड्यात नसेल तर दहा महिने माणूस खालीच राहणार.

आकड्यांचं काम एप्रिल-मे महिन्यात करायचं, रानातली कामं कमी असतात तेव्हा. शाळेची वरच्या वर्गांतली पोरं, एक गवंडी, आशाताई आणि तलाठी एवढे पुरतात. शंभर उंबऱ्यांना दोन-तीन दिवस लागतात. सुरुवात ओढ्याकडच्या शेवटच्या घरापासून करायची. आकडा चौकटीवर ऑइल पेंटने लिहायचा, डोक्याच्या उंचीला. त्याच्या शेजारी रस्त्याचा आकडा लाल रंगात. भाड्याच्या खोलीवरही लिहायचा, आणि पालांसाठी जवळच्या विजेच्या खांबावर.